पिल्लांच्या खोलीतली साथ : एका शेल्टरचा प्रकरण अभ्यास

संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहराबाहेर, माळावर पत्र्याच्या शेडखाली हे शेल्टर चालतं. मूळचं कुत्र्यांसाठी काढलेलं. मांजरं मागाहून आली, म्हणजे लोकांनीच आणून सोडली, आणि हळूहळू त्यांचा वेगळा भाग झाला. मोठ्यांसाठी जाळीची दोन दालनं, पिल्लांसाठी एक खोली, आणि सगळ्यांच्या मध्ये एकच मोरी. तेव्हा तिथे साठेक मांजरं होती, त्यातली १९ पिल्लं.

पगारावर दोन मावशी आणि कुत्र्यांकडे एक दादा. डॉक्टर आठवड्यातून तीन सकाळी यायचे, स्वयंसेवक शनिवार-रविवारी. ट्रस्टच्या सचिव निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. फोन घेणं, हिशेब, औषधं आणणं, पिल्लं दत्तक देणं, सगळं त्यांच्याकडे. जागा कमी, पैसा बेताचा, तरी कारभार नीटनेटका होता. चिकनवाल्याकडच्या माना-पाय उकडून भातात कालवलेले, ट्रेमध्ये चाळलेली वाळू, दर महिन्याला जंताचं औषध. लशीचा शिरस्ता घरगुती मांजरांसारखाच : पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचं झालं की पहिला डोस. एकटं वाढणाऱ्या पिल्लाला तो ठीक आहे. जिथे दर आठवड्याला नवं खोकं येतं, तिथे आठ आठवडे फार झाले, हे पुढे कळलं.

सुरुवात

जुलैत, भर पावसात, रात्री कोणीतरी गेटपाशी बिस्किटांचं खोकं ठेवून गेलं. आत भिजलेली चार पिल्लं, महिना-सव्वा महिन्याची. मावशींनी ती पुसून कोरडी केली, गरम पाण्याच्या बाटल्यांच्या मध्ये ठेवली आणि सकाळी पिल्लांच्या खोलीत सोडली. ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यांतलं एक पाण्याच्या वाटीपाशी जाऊन बसलं. मान वाटीवर झुकलेली, नाक पाण्याला टेकतंय, पण पीत नाही. तासाभराने पाहिलं तरी तसंच. रात्री गेलं. भिजलं होतं, थंडी बाधली असेल, असं सगळ्यांनी धरलं. पावसाळ्यात असं एखादं पिल्लू दगावतंच, त्यामुळे कोणाच्या मनात शंका आली नाही. पुढच्या दोन दिवसांत आणखी तीन पिल्लं पिवळा फेस ओकू लागली, एकाला पातळ, घाण वासाची शी झाली. त्यातली दोन तिथेच जन्मलेली होती, खोक्यातली नव्हती.

डॉक्टरांनी मांजरांच्या पार्वोची, म्हणजे पॅनल्यूकोपेनियाची, शंका सांगितली. कुत्र्यांच्या पार्वोसाठी जे किट असतं त्यावर मांजराचा विषाणूही दिसतो, आणि तसं किट शेल्टरमध्ये होतं. शीचा नमुना घेतला. एकच रेघ आली : निगेटिव्ह.

पहिला निर्णय : किट खरं मानायचं की मांजर?

येत्या रविवारी शहरात दत्तक शिबिर होतं. सात पिल्लांना घरं ठरली होती, मंडप सांगून झाला होता. आजार जाहीर केला की शिबिर रद्द, गेट बंद, आणि वर्षभर जपलेल्या नावाला बट्टा. किट निगेटिव्ह आहे, दोन दिवसांनी पुन्हा करू, तोवर थांबू, असं दोन विश्वस्तांचं म्हणणं पडलं. त्यांच्या जागी ते चूक नव्हते.

पण हे किट पॉझिटिव्ह आलं तर त्यावर बहुतेक विश्वास ठेवता येतो. निगेटिव्ह आलं तर आजार नाही असं म्हणता येत नाही. विषाणू शीतून सतत सारख्या प्रमाणात पडत नाही. डॉक्टरांनी एका आजारी पिल्लाचं रक्त शहरातल्या लॅबला पाठवलं. निरोगी मांजरात रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी साधारण ५,५०० ते १९,५०० असतात. या पिल्लात ८०० निघाल्या. हा विषाणू झपाट्याने वाढणाऱ्या पेशी गाठतो, आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा. त्यामुळे एकीकडे उलट्या-जुलाब आणि दुसरीकडे झुंजायला पेशीच नाहीत, अशा दुहेरी कात्रीत पिल्लू सापडतं.

मॅडमनी त्याच दुपारी शिबिर रद्द केलं. पुढचं पाऊल जास्त अवघड होतं. आदल्या आठवड्यात दोन पिल्लं दत्तक गेली होती. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा आठवड्याच्या आत वेळ लागतो, कधी दहा दिवस. म्हणजे ती घरंही टप्प्यात होती. मॅडमनी दोन्ही घरी स्वतः फोन केला. एका घरी लस न दिलेली म्हातारी भाटी होती. तिला दुसऱ्याच दिवशी लस टोचून घेतली. तिला काही झालं नाही. हा लशीचा गुण की नशीब, सांगता येत नाही. तो फोन टाळणं सोपं होतं आणि टाळला असता तर कोणाला कळलंही नसतं. त्याच घराने पुढे महिनाभर शेल्टरचे टॉवेल धुऊन दिले.

आजारी पिल्लं ठेवायची कुठे?

तीन सूचना आल्या. पहिली, शहरातल्या दवाखान्यात भरती. दोन दवाखान्यांनी संसर्गाच्या भीतीने नाही म्हटलं, तिसऱ्याचा रोजचा खर्च सहा-सात पिल्लांसाठी झेपणारा नव्हता. दुसरी सूचना स्वयंसेवकांची : आजारी पिल्लं आम्ही एकेक घरी नेतो. मनापासून आलेली आणि अतिशय धोक्याची. हा विषाणू घराच्या फरशीवर, सोफ्यात, चपलेच्या तळव्याला वर्षभर तग धरू शकतो. ज्यांच्या घरी मांजरं आहेत तेच मदतीला पुढे येतात, म्हणजे आजार नेमका तिथेच पोचला असता. तिसरी, ऑफिसची खोली रिकामी करून तिथे आजारी विभाग करणं.

ऑफिसवर वाद झाला. फायली, संगणक, देणगीदार येऊन बसायची जागा. पण तिला स्वतंत्र दार होतं, फरशी गुळगुळीत होती आणि बाहेर नळ होता. शेवटी टेबल व्हरांड्यात आलं, लाकडी कपाट बाहेर गेलं आणि खोलीत पिंजरे लागले. लाकूड आणि कापड नीट निर्जंतुक होत नाही, म्हणून आत फक्त स्टील आणि प्लॅस्टिक. पिल्लांच्या जुन्या खोलीत उरलेली, वरवर ठणठणीत पण आजाऱ्यांसोबत राहिलेली पिल्लं तिथेच अडकवून ठेवली. मोठ्या मांजरांची दालनं तिसरी. असे तीन भाग झाले.

गेट बंद, फोन चालू

जुलैत दिवसाला तीन-चार फोन पिल्लांसाठी येतात. घ्यायचं नाही म्हटलं तर लोक चिडतात, खोकं गेटवर ठेवून जातात. घेतलं तर आगीत तेल. डॉक्टरांचं मत स्पष्ट होतं : आत आलेलं प्रत्येक लस नसलेलं पिल्लू म्हणजे नवा रुग्ण.

मॅडमनी मधली वाट काढली. आत काही घ्यायचं नाही, पण ज्याला पिल्लू सापडलं त्याच्याच घरी ते तगवायला मदत करायची. एक स्वयंसेविका, जी त्या काळात शेल्टरमध्ये पाऊलही टाकणार नव्हती, फक्त फोन सांभाळायला बसली. आई जवळपास असेल तर पिल्लं आधी हलवू नका. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. गाईचं दूध नको, मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर मिळते ती. पाजताना पालथं धरा, उताणं नको. अनेकांनी पिल्लं ठेवून घेतली. काहींनी शिव्याही घातल्या. गेटवर कॅमेरा आहे अशी पाटी लावली. कॅमेरा नंतर आला.

लस आणि रोजचं काम

निरोगी दिसणाऱ्या सगळ्या मांजरांना एकाच दिवशी लस द्यायचं ठरलं. तिहेरी लशीत या आजाराचा जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो आणि तिचं संरक्षण काही दिवसांतच सुरू होतं. साथीत डॉक्टर ती चौथ्या आठवड्यापासून देतात, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. गाभण भाट्या आणि चार आठवड्यांखालची पिल्लं वगळली, कारण तोच जिवंत विषाणू वाढत्या मेंदूला इजा करू शकतो. ज्यांना आधीच लागण झाली होती त्यांना लशीने वाचवलं नाही, पण मोठ्यांचं दालन बहुधा त्या एका दिवसाने वाचलं.

मावशींची कामं वाटली. धाकट्या मावशी फक्त आजारी खोलीत. थोरल्या मावशी आधी मोठ्यांकडे, मग अडकवलेल्या पिल्लांकडे. उलट कधीच नाही. प्रत्येक भागाची वेगळी चप्पल, वेगळा गाऊन, वेगळं फावडं. आधी सगळ्या ट्रेंना एकच फावडं फिरायचं. दारात जंतुनाशकाचं घमेलं ठेवून त्यात पाय बुडवायची कल्पना निघाली होती. डॉक्टरांनी ती नाकारली. चिखल मिसळला की त्या पाण्याचा उपयोग उरत नाही, चप्पल बदलणं जास्त भरवशाचं.

सफाई दोन टप्प्यांत. आधी साबणाच्या पाण्याने घाण पूर्ण काढायची, मग हायपो. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, लिटरभर पाण्याला ३० मिली, आणि दहा मिनिटं फरशी ओली राहिली पाहिजे. मिश्रण रोज ताजं. शीवर थेट हायपो ओतून उपयोग नाही, घाणीत त्याची ताकद जाते. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर ते कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. मोरीवर हे मोठ्या अक्षरांत लिहून लावलं.

उपचार असे फारसे नव्हते. विषाणूवर थेट औषध नाही. पिल्लू स्वतः झुंजेल तोवर त्याला तगवायचं. उलटीचं इंजेक्शन, प्रतिजैविक, रक्तातली साखर उतरली तर डेक्स्ट्रोज, आणि कातडीखाली सलाइन. धाकट्या मावशींना हे डॉक्टरांनी शिकवलं. रिंगर लॅक्टेटची बाटली आधी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायची, मनगटावर दोन थेंब टाकून बघायचं. मग खांद्यांच्या मधली कातडी तंबूसारखी उचलून त्यात सुई. पाणी गेलं की तिथे टेंगूळ येतं आणि ते खाली पोटाकडे उतरत जातं. संध्याकाळपर्यंत ते जिरलं तर पिल्लात जीव आहे. तसंच राहिलं तर अंग गार पडलंय, आधी ऊब द्यायची. त्या हे हाताने ओळखायला शिकल्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे रकाने आखले : खाल्लं, ओकलं, शी, पाणी टोचलं. डॉक्टर नसतील त्या दिवशी त्याचा फोटो त्यांना जायचा आणि डोस फोनवर ठरायचा.

मदत आली, पण कसली?

या प्रकरणात सगळ्यांत जास्त शिकण्यासारखं इथे आहे.

पहिलं आवाहन एका स्वयंसेवकाने घाईत टाकलं : मांजरं आजारी आहेत, कृपया मदत करा. दोन दिवसांत मदतीचा पूर आला. कोरड्या खाद्याची पोती, जी ओकणारी पिल्लं खाणार नव्हती. जुन्या गोधड्या, ज्या इथे एकदा वापरून फेकाव्या लागतात. फिनेलचे पाच लिटरचे कॅन. फिनेलने हा विषाणू मरत नाही; वर मांजरांचं यकृत फिनॉलसारखी द्रव्यं पचवू शकत नाही, आणि फरशीवरून चालून पाय चाटले की ते पोटात जातं. कॅन कुत्र्यांच्या भागाच्या बाहेरच्या गटारासाठी ठेवले. एका गृहस्थांनी तापासाठी पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणल्या. मांजराला ती एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. मॅडमनी त्यांच्यासमोरच ती पिशवी परत केली आणि कारण सांगितलं. रविवारी तर लहान मुलांना घेऊन कुटुंबं आली, आजारी पिल्लांना कुरवाळायला.

यात लोकांचा दोष शोधण्यात अर्थ नाही. माणूस त्याच्या घरात आजारपण आलं की जे करतो तेच इथे करतो : खाऊ आणतो, पांघरूण देतो, भेटायला जातो. वस्तू देण्यामागे आणखी एक कारण असतं, ते म्हणजे रोख पैशावर अविश्वास. पोतं दिलं की ते मांजरापर्यंत पोचलं असं डोळ्यांनी दिसतं.

दुसरं आवाहन मॅडम आणि डॉक्टरांनी बसून लिहिलं. काय हवं ते अगदी किराणा यादीसारखं : हायपोचे कॅन, रिंगर लॅक्टेटच्या बाटल्या, बारीक सुया, पार्वोचे किट, लशीचे डोस, रद्दी वर्तमानपत्रं, फेकता येतील असे हातमोजे. काय नको तेही : फिनेल, गोधड्या, भेटी, मनाने आणलेली औषधं. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी आत यायचं नाही. त्यांनी घरून करायची कामं वेगळी दिली, म्हणजे फोन, औषधं गेटपर्यंत पोचवणं, हिशेब टंकणं. रद्दी तर इतकी आली की गेटवर ढीग लागला.

यादीत शेवटची मागणी होती : आणखी एका मावशींचा महिन्याचा पगार. धाकट्या मावशी पहाटेपासून रात्रीपर्यंत आजारी खोलीत होत्या, त्यांच्या घरी कॉलेजला जाणारी मुलगी स्वयंपाक करत होती. आजारी मांजर औषधाइतकंच, किंबहुना जास्त, दर तीन तासांनी कोणीतरी जाऊन बघण्यावर जगतं. तरी पगारासाठी देणगी मागितली की लोकांचा हात आखडतो. लशीचे पैसे दोन दिवसांत जमले, पगाराचे जमेनात. शेवटी एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी तो एकट्याने दिला, पावतीवर तसं स्पष्ट लिहून घेऊन.

नावाने आलेले पैसे

दरम्यान एका तरुण स्वयंसेवकाने केशर नावाच्या नारिंगी पिल्लाचा व्हिडिओ टाकला, त्यावर स्वतःचा क्यूआर कोड. बघता बघता ३८,००० रुपये जमले. केशर दुसऱ्याच रात्री गेली.

आता पैशांचं काय? रविवारपर्यंत बातमी देऊ नका, अजून देणग्या येतायत, असं एक विश्वस्त म्हणाले. दुसरं मत, सगळे परत करा. मॅडमनी सकाळीच लिहिलं : केशर गेली, तिच्यावर इतके खर्च झाले, इतके उरले, तुमची परवानगी असेल तर उरलेले त्याच खोलीतल्या पिल्लांसाठी वापरू, नसेल तर कळवा, परत पाठवतो. थोड्यांनी परत मागितले, त्यांना त्याच दिवशी दिले. बाकीच्यांनी राहू द्या म्हटलं, काहींनी त्यात भर घातली.

वैयक्तिक क्यूआरचा घोटाळा मात्र सरळ व्हायला वेळ लागला. पैसे ट्रस्टच्या खात्यात आलेच नव्हते, त्यामुळे ८०जीची, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, पावती देता येईना. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली किंवा देणगी वस्तूंची असली तरी ती सवलत मिळत नाही, हेही लोकांना एकेकाला समजावावं लागलं. त्या मुलाने पै न् पै वळती केली, तरी गावात कुजबुज झालीच.

काय झालं

१९ आणि खोक्यातली चार, अशी २३ पिल्लं या खोलीतून गेली. १२ दगावली, ११ वाचली. मोठ्यांपैकी दोन आजारी पडली, दोन्ही लस नसलेली आणि नुकतीच आलेली; एक बोका वाचला. दगावलेल्यांना शेताच्या कडेला खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं. शेवटच्या नव्या रुग्णानंतर १४ दिवस काहीच उद्भवलं नाही, तेव्हा साथ संपली असं धरलं. वाचलेली पिल्लं मात्र लगेच इतरांत सोडली नाहीत. बरं झाल्यावरही काही मांजरं सहा आठवड्यांपर्यंत विषाणू टाकत राहतात, म्हणून त्यांना तितका काळ वेगळं ठेवून, आंघोळ घालून मगच बाहेर काढलं. खोली सप्टेंबरपर्यंत रिकामी ठेवली.

आजार खोक्यातूनच आला का, हे कधीच ठरलं नाही. कुत्र्यांच्या पार्वोचे सध्याचे काही प्रकार मांजरालाही होऊ शकतात, किटवर दोन्ही सारखेच दिसतात, आणि त्या जूनमध्ये कुत्र्यांच्या भागात पार्वोचं एक पिल्लू होतं. दादा दोन्हीकडे जायचे.

वेगळं काय करता आलं असतं

खोकं आलं त्या रात्री ऑफिसची खोली होती, तशीच होती. ती साथ आल्यावर रिकामी करण्याऐवजी आधीच केली असती, तर नव्या पिल्लांना १४ दिवस वेगळं ठेवता आलं असतं. जागा नाही असं सगळे म्हणत होते. जागा होती, तिच्यावर टेबल होतं. आता ते टेबल कायमचं व्हरांड्यात आहे आणि पावसाच्या झडीत फायली भिजतात, अशी तक्रार हिशेबनीस दर बैठकीत करतात.

लस आल्या दिवशीच द्यायची, डॉक्टर नसतील तर त्यांच्या पुढच्या फेरीला, हे ठरलं आहे. फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर डोस ठेवायचे तर वीज जाते तेव्हाचा प्रश्न उरतो. त्यासाठी एका देणगीदाराने इन्व्हर्टर दिला.

किट निगेटिव्ह आल्यावर रक्त पाठवायला अर्धा दिवस गेला. एवढ्याने किती फरक पडला असता, सांगणं कठीण. पण पहिलं पिल्लू गेलं तेव्हाच त्याच्या शीची तपासणी केली असती तर चार दिवस हाताशी आले असते. कारण न कळता मेलेल्या पहिल्या पिल्लाची तपासणी हा खर्च नेहमी फुकट गेल्यासारखा वाटतो, आणि दहापैकी नऊ वेळा तो जातोही. तरी करावा, असं माझं मत.

केशरच्या नावाचं आवाहन टाळायला हवं होतं का, यावर तिथे अजून दोन तट आहेत. एका चेहऱ्यावर पैसे येतात, खोलीवर येत नाहीत, हे खरंच आहे. आता प्रत्येक आवाहनाखाली एक ओळ असते : या मांजराची गरज भागली किंवा ते राहिलं नाही, तर उरलेली रक्कम आजारी खोलीसाठी वापरली जाईल. क्यूआर फक्त ट्रस्टचा.

तिसऱ्या मावशींना सप्टेंबरअखेर कामावरून कमी करावं लागलं, पगाराचे पैसे संपले. पुढच्या मार्चपासून पिल्लांचा हंगाम पुन्हा सुरू होईल. त्या तोवर एका मंगल कार्यालयात भांडी घासायला जातात. बोलावलं तर येईन, पण आठवडाभर आधी सांगा, असं त्यांनी मॅडमना कळवलं आहे.